टँकरच्या रांगेतला रक्तदाब

दुष्काळाच्या त्या वर्षांत गारखेड्यात पाणी कमी आणि बांधकामं जास्त होती. आमच्या घरासमोरच्या प्लॉटवर पिशोरच्या पलीकडून आलेली भिल्ल कुटुंबं पत्र्याच्या खोल्यांत राहत आणि दिवसभर स्लॅबवर राबत. दवाखान्यात गेलं की हजेरी बुडायची, म्हणून अंथरूण धरेपर्यंत कोणी तिकडं फिरकत नसे.

त्यांच्याच समाजातली एक नर्सताई रविवारी तपासणीला येऊ लागली. मी आमचा व्हरांडा दिला आणि आकडे लिहायचं काम मागून घेतलं. पहिल्या रविवारी आम्ही दोघंच एकमेकांचा रक्तदाब मोजत बसलो.

ती म्हणाली, "काका, माणसं आपल्याकडं येत नाहीत, पण टँकरकडं सगळी येतात."

पुढच्या रविवारी आमच्या फाटकासमोर थांबणाऱ्या पाण्याच्या टँकरशेजारीच टेबल मांडलं. माणसं आली, आणि जवळजवळ प्रत्येकाचा आकडा चढलेला निघाला. मी घाबरलो. "ताई, अख्ख्या वस्तीलाच रक्तदाब?"

तिनं रांगेकडं पाहिलं. बाया हंडे घेऊन पळत येत होत्या, नळीसाठी एकमेकींना शिव्या घालत होत्या, आणि तशाच धापा टाकत टेबलाशी हात पुढं करत होत्या. ती हसायला लागली. "काका, आपण भांडण मोजतोय."

मग नियम केला: आधी पाणी भरायचं, व्हरांड्यात शांत बसायचं, मग तपासणी. आकडे भराभर उतरले. एकीचा मात्र उतरेना. रांग लावणारी, सगळ्यांत मोठ्या आवाजाची मावशी. एकशे नव्वद, थांबून पुन्हा मोजला, तरी एकशे नव्वद.

"मावशे, बसल्या बसल्या मनात कुणाशी भांडायलीस?" एक बाई म्हणाली.

"तुह्या नवऱ्याशी!"

सगळ्या हसल्या. नर्सताई हसली नाही. "मावशी, असंच राहिलं तर लकवा मारल. रोज गोळी घ्यावी लागंल."

"मला काय धाड भरली? डोकंबी दुखत नाय. आन् मुकादमाला कळलं तर उद्या कामावर घ्यायचा नाय."

नर्सताई तिच्याजवळ खाली बसली आणि त्यांच्या बोलीत बराच वेळ बोलली. मला एक शब्द कळला नाही. शेवटी मावशीनं माझ्याकडं बघत मराठीत विचारलं, "गोळीनं आवाज बारीक व्हतो का?"

"नाय व्हत," नर्सताई म्हणाली. "आन् गोळी घरी खायची. मुकादमाला कशाला कळतंय?"

"मग दे."

सरकारी दवाखान्यात मावशीला नर्सताईच घेऊन गेली. पुढं दर रविवारी मावशी हात पुढं करायची आणि आकडा मला मोठ्यानं वाचायला लावायची. ती रांगेत ओरडली की बाया म्हणायच्या, "मावशी नाय, तिचं दुखणं बोलायलंय." आकडा उतरत गेला: एकशे सत्तर, एकशे पंचावन्न, मग एकदाचा एकशे चौतीस. तो ऐकून ती उठली आणि पदर खोचून रांगेसमोर उभी राहिली.

"ऐकलं का गं? दुखणं उतरलं. आता जे बोलंन ते सोताच्या अकलेनं बोलंन. कुणाचा हंडा मधी घुसलाय?"