दूध, टीव्ही आणि मी

आमच्या मोटारसायकलला मागे दोन शॉकअप होते आणि दोन्हींच्या बुडाशी खाचांचं एकेक कडं. वाकडा पाना अडकवून कडं फिरवलं की स्प्रिंग कडक व्हायची, उलटं फिरवलं की मऊ. काम एवढंच. पण आमच्या ह्यांनी गाडी घेतल्या दिवशी ती जी कडक केली, ती दुधासाठी. दोन्हीकडे कॅन टांगून ते रोज सकाळी पौडच्या डेअरीत जायचे. मऊ ठेवली तर गाडी मागून बसायची. त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं.

म्हणणं होतं ते दुपारचं. मला सातवा महिना लागला होता. आदल्या वर्षी गर्भ पडला होता, म्हणून डॉक्टरीणबाई तपासायला वरचेवर बोलवायच्या. कॅन उतरले की त्याच गाडीवर मी. ओझं कमी झालं की ती खड्ड्याखड्ड्याला उडायची आणि मी एका हातानं पोट, एका हातानं सीट धरून पौडपर्यंत दात आवळून बसायचे. जरा सैल करा म्हटलं की उत्तर ठरलेलं, रोज कोण कडं फिरवत बसणार. सासूबाई तर म्हणे बैलगाडीतून गेल्या होत्या आणि त्यांना काही झालं नव्हतं.

त्यातच पुण्याहून टीव्ही आणायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी हे अंगणात गाडी स्टँडवर लावून बसले, कड्यांवर तेल सोडलं, दोन्हीकडे स्प्रिंग पार मऊ केली आणि सीट दाबून दाबून बघितली. मला वाटलं, चला, आली एकदाची माझी दया. विचारलं तर म्हणाले, "काच असतीया त्यात. हिसका बसला तर फुटंल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टीव्ही दिराच्या मांडीवर बसून सुखरूप आला, त्याला हळदकुंकू लागलं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा दुधासाठी कडक.

पुढच्या तपासणीला मीच पाना घेतला. पोट सांभाळत मातीत बसले. डावं कडं फिरलं. उजव्याला जोर लावला तर पाना सटकून बोटं सोलली. तेवढ्यात हे आले आणि ओरडले, की एक बाजू मऊ नि एक कडक म्हणजे गाडी ओढणार, दोघांना पाडशील. दोघांना म्हणजे त्यांना आणि मला. मग उजवं सैल करायचं सोडून त्यांनी डावंच पुन्हा कडक केलं. मी तशीच गेले.

मुलगी पौडच्या दवाखान्यात झाली, धडधाकट. घरी न्यायला हे आले. तिला छातीशी धरून मी मागे बसले, आणि पहिल्याच खड्ड्यात गाडी अलगद दबून वर आली. मी काही विचारलंही नव्हतं. हेच मान वळवून मोठ्या कौतुकानं म्हणाले, "सकाळीच सैल केलंय. लेकरू हाय ना संगं."

"मग इतके दिस ते कुटं व्हतं?" मी म्हटलं.