दोन नंबरच्या इंजिनाची काच

तो माणूस जाफराबादला आमच्या दारात गाडीतून उतरला, तेव्हाच मी त्याला ओळखलं. विदर्भातल्या एका मँगनीजच्या खाणीवर आबा, म्हणजे माझे वडील, वाफेचं इंजिन चालवायचे, तेव्हा हा तिथला साहेब होता. आबांना त्यानंच कामावरून काढलं होतं. आता निवृत्तीनंतर खाणीच्या छोट्या रेल्वेचा इतिहास लिहीत होता.

मी पाणीसुद्धा विचारलं नाही. आबांनी मात्र खुर्ची द्यायला लावली.

एक नंबरचं इंजिन कधी बंद पडलं, तीन नंबर चढाला किती डबे ओढायचं, साहेब गोड बोलून विचारत गेला. आबा ऐंशीच्या पुढचे, पण बरोबर सांगत होते. मला त्यांचाही राग येत होता.

"आणि दोन नंबर?" साहेबानं विचारलं.

"तुमाला म्हाईत न्हाई का?" आबा म्हणाले. "पाण्याची काच चोंदली व्हती. बॉयलरात पाणी कमी, अन् काच भरल्याली दाखवायची. तीनदा दुरुस्तीच्या वहीत लिवलं. तुमी म्हन्ले, माल निघू द्या, मंग बघू."

"फार जुनी गोष्ट झाली, ड्रायव्हर."

"माझा फायरमन भाजून मेला, ते बी जुनंच हाय."

पाणी कमी पडलं की भट्टीच्या माथ्यावरचं शिशाचं बूच वितळतं; ते वितळून वाफ भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनच्या अंगावर आली होती. आबांचा हात तेवढा पोळला. चौकशीत वहीतलं ते पान सापडलं नाही आणि ठपका आबांवर आला. 'माणूस मारून आला,' असं गावात म्हणायचे. शाळेत मीही ते ऐकलंय.

"पान कुणी फाडलं तेही लिहा," मी म्हणाले.

"बाई, मी इंजिनांचा इतिहास लिहितोय, माणसांचा नाही."

आबा काठी टेकत उठले. "मंग निघ आता." त्या माणसाला अरेतुरे करताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

काही महिन्यांनी पुस्तक पोस्टानं आलं. दोन नंबरबद्दल एकच ओळ होती, चालकाच्या निष्काळजीपणामुळे निकामी. आबांना आता नीट दिसत नाही. ती ओळ मला गाळता आली असती, पण मी वाचून दाखवली.

"फायरमनचं नाव हाय का?"

"नाही."

ते भिंतीकडं तोंड करून पडले. दोन दिवस जेवले नाहीत.

मी साहेबाला चार पानी पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. दर महिन्याला तेच पत्र पुन्हा पाठवते. तो जिवंत असेपर्यंत पाठवणार आहे.