आखाजीच्या दिवशी झाडू

धुळे रस्त्यावरच्या एका वॉटर पार्कात मी साफसफाईची सुपरवायझर आहे. संडास, कपडे बदलायच्या खोल्या, लॉनवर सांडलेलं भरीत, टाक्यांच्या कडेचं शेवाळं, सगळं माझ्या बायकांच्या हाती. लोक घसरगुंड्यांचं कौतुक करतात. करोत बापडे. संडास स्वच्छ असतात म्हणून ते पुन्हा येतात, हे मला पक्कं ठाऊक आहे.

त्या उन्हाळ्यात शेठनं फर्मान काढलं. आखाजीला गर्दी फार, तेव्हा एकाही बाईला सुट्टी नाही. जी येणार नाही तिनं पुन्हा यायचंच नाही. माझं डोकंच फिरलं. अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, लेक माहेरी जाते, झोके घेते, गाणी म्हणते, आणि त्या दिवशी तिला कुणी कामाला हात लावू देत नाही. आमच्या बायका एखाद्या वेळी दिवाळीवर पाणी सोडतील, आखाजीवर नाही. एकीची तर लग्नानंतरची पहिलीच आखाजी होती. ती नुसती रडली. मी म्हटलं, "जा बठ्ठ्या, सगळ्या जणी जा. कोणाची नोकरी जात नाही, मी बघते."

बोलून तर बसले. बघायचं कसं, ते काही सुचेना.

आखाजीच्या सकाळी बायका माहेरी गेल्या. मी कामावर निघाले, तर गावाच्या पारावर त्यांचे नवरे पत्ते कुटत बसलेले. आखाजीला त्यांना तेवढी मोकळीकच असते. त्यात माझाही नवरा होता. मी समोर जाऊन उभी राहिले.

"उठा. झाडू मारायला चला. नाही तर उद्या तुमच्या बायका घरी बसतात."

"हाई काम बायासनं शे," एक जण गुरगुरला.

"संडासला काय फक्त बायकाच जातात का?" मी म्हटलं.

माझ्या नवऱ्यानं पत्ते खाली ठेवले. हातात चांगली पानं होती, असं तो अजून सांगतो. तो उठला, मग लाजेकाजेनं बाकीचेही उठले.

सुरुवातीला नाकाला रुमाल बांधून, तोंडं वाकडी करून चाललं होतं. दुपारपर्यंत रंग पालटला. तोच गुरगुरणारा गडी संडासाच्या दारात खराटा घेऊन उभा होता आणि चिखलाच्या पायांनी येणाऱ्यावर ओरडत होता, "आत्तेच धोयं, बठ्ठं परत घाण करी टाकं!" मला हसू आवरेना. रोज माझ्या बायका हेच पुटपुटतात, पण त्यांना ओरडायची सोय नसते.

शेठ आला. बापे पाहून चमकला. एकेक दार उघडून बघितलं, बोट ठेवायला जागा सापडली नाही.

"उद्या बायका कामावर आल्या तर चालेल ना?" मी विचारलं.

"येऊ द्या," तो म्हणाला. मग जाता जाता टोमणा मारलाच, "यांनीच सगळं केलं, मग तुम्ही इथं कशाला उभ्या?"

खरंच की! सुपरवायझर झाल्यापासून मी एकही आखाजी माहेरी केली नव्हती. किल्ल्यांचा जुडगा नवऱ्याच्या हातात दिला आणि शेठच्या डोळ्यांदेखत जळगावची बस पकडली.

बोदवडला माहेरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. वहिनीनं पुढ्यात ताट वाढलं. जेवण झाल्यावर सवयीनं मी ते उचलायला गेले, तर तिनं माझ्या हातातून हिसकावलंच. "ठेवा ते. आज लेकीनं काम नाही करायचं."

मी हात धुतले आणि रडत रडत झोक्यावर जाऊन बसले.