अठ्ठेचाळीस शेर बर्फ

वीस शेर बर्फाने काम होणार नाही, असं मी सांगितलं तेव्हा साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"का नाही होणार? पेटी एवढी मोठी आहे. भुसा भरलेली आहे."

"साहेब, पेटी मोठी आहे म्हणूनच. जितकी मोठी, तितकी उष्णता जास्त आत शिरते."

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. मी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, गुरांचा डॉक्टर म्हणून नवीनच लागलो होतो; साहेब म्हणजे आमच्या खात्याचे जिल्ह्याचे अधिकारी. आलापल्लीच्या बाजूने बुळकांडीच्या बातम्या येत होत्या. बुळकांडी म्हणजे गुरांची महामारी. तोंड येतं, हगवण लागते, आठवड्यात जनावर जातं. जंगलातून सागाची लाकडं ओढून डेपोपर्यंत आणायचं काम तेव्हा गावकऱ्यांच्या बैलांवर चालायचं. बैल गेला की ती मजुरी गेली, आणि पावसाळ्यात धानाची चिखलणीही गेली.

लस होती आमच्याकडे. काचेच्या बारीक नळ्यांत बंद केलेली कोरडी पूड. ती बर्फात ठेवायची आणि टोचायच्या वेळी थंड मिठाच्या पाण्यात कालवायची. वाटेत गरम झाली तर दिसायला तशीच दिसते, पण मेलेली असते. टोचणाऱ्याला कळत नाही, बैलालाही कळत नाही. रोग आला की कळतं.

आदल्या वर्षी नेमकं तेच झालं होतं. पेटीतल्या बर्फाचं वाटेतच पाणी झालं होतं, तरी माझ्या आधीचे डॉक्टर चैतू मडावी या पाटलाच्या गावात टोचून आले. पंधरा दिवसांनी रोग आला आणि टोचलेलीच जनावरं मेली. चैतूने तेव्हा आमच्या स्टॉकमनला, म्हणजे डॉक्टरांचे मदतनीस लहानूजींना, स्वच्छ सांगितलं होतं, "आता सुई घेऊन माह्या गावात येऊ नका."

म्हणून मी एका रविवारी ऑफिसच्या व्हरांड्यात पेटीची परीक्षा घेतली. दुहेरी लाकडी पेटी, मध्ये लाकडाचा भुसा, आत पत्रा. तळाला भोक पाडून त्यात पितळी नळी बसवली आणि खाली डबा ठेवला. आत बर्फ भरून झाकण लावलं. दर तासाला डब्यातलं पाणी मोजलं. जितकं पाणी बाहेर आलं तितका बर्फ आत वितळला. साधा हिशोब.

पहिल्या तीन तासांत पाणी धो धो आलं. तो बर्फ नुसती पेटी थंड करण्यात गेला. मग धार कमी झाली आणि तासाला एक शेरावर स्थिर राहिली.

सोमवारी तो कागद मी साहेबांपुढे ठेवला.

"एक शेर बर्फाचं पाणी व्हायला जेवढी उष्णता लागते," मी म्हणालो, "तेवढ्या उष्णतेत एक शेर पाणी शून्यापासून ऐंशी डिग्रीपर्यंत तापतं. म्हणजे बर्फ वितळेपर्यंत ऐंशी भाग उष्णता गिळतो, आणि तोवर स्वतः शून्यावरच राहतो. वीस शेर बर्फ वीस तास टिकेल."

"आणि त्यानंतर वीस शेर थंडगार पाणी राहीलच की. नळी बंद ठेवा. त्या पाण्यात लस ठेवा."

हाच तो मुद्दा. सगळ्यांना असंच वाटतं.

"साहेब, पाण्याला डिग्रीमागे एकच भाग लागतो. उष्णता तर त्याच वेगाने आत येत राहणार, तासाला ऐंशी भाग. वीस शेर पाणी तासाला चार डिग्री चढणार. अडीच तासांत दहा डिग्री. बर्फाने वीस तास दिले, त्याचं पाणी अडीच तास देईल. प्रवासाला आणि टोचायला मिळून छत्तीस तास हवेत. वर बारा तास अडचणीचे. अठ्ठेचाळीस शेर द्या. शिवाय आदल्या संध्याकाळी पेटी थंड करायला दहा शेर वेगळा."

"कॉलेजातलं गणित जंगलात चालत नाही, डॉक्टर."

"म्हणूनच जंगलात जायच्या आधी केलं."

 साहेबांनी माझ्याकडे बघितलं, सही केली आणि म्हणाले, "मीही येतो. बघू."

बर्फ नागपूरहून पॅसेंजरने आला, पोत्यात गुंडाळून. सकाळी सहाला पेटी भरून आम्ही जंगलखात्याच्या ट्रकने निघालो. संध्याकाळपर्यंत आलापल्लीला पोचायचं होतं. गोंडपिपरीच्या पुढे ट्रकच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, पट्टा तुटला.

नवीन पट्टा बल्लारपूरहून यायचा होता. वैशाखातलं ऊन. ट्रकवर सावली नाही. लहानूजींनी आपलं धोतर भिजवून पेटीवर टाकलं आणि स्वतः लुंगीवर बसून राहिले. मी दर तासाला डबा मोजून वहीत लिहीत होतो. उन्हात सव्वा शेर यायला लागलं, कधी दीड.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक उभा राहिला. आष्टीला रेतीवर बांबूचे तट्टे टाकून वैनगंगा ओलांडली आणि आलापल्लीला पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. तीस तास झाले होते. चैतूचं गाव अजून तीन तास लांब, बैलबंडीने.

रेस्टहाउसच्या दारात साहेबांनी पेटीच्या झाकणावर हात ठेवला.

"उघडा. मला बर्फ बघायचाय."

"नको साहेब. उघडून चाचपत बसलो तर आहे तोही जाईल. चौतीस शेर पाणी बाहेर आलंय. आत चौदा शेर बर्फ आहे."

"आणि नसला तर? पुन्हा मेलेली लस टोचली तर ह्या बाजूला आपल्याला कोणी उभं करणार नाही. परत जाऊ, हेच बरं."

"गावात पोचून मगच उघडू. सगळ्यांसमोर वजन करू. बर्फ संपलेला निघाला तर एकही सुई टोचणार नाही. तसं मी लिहून देतो."

 साहेबांनी झाकणावरचा हात काढला आणि तेच आधी बंडीत चढले.

चैतूभाऊ गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली उभा होता. वयाने माझ्या बापाएवढा. लहानूजींना पाहून म्हणाला, "तुले नाई म्हटलं होतं ना मी? काऊन आला?"

लहानूजी म्हणाले, "टोचाले नाई आलो भाऊ. आधी दाखवाले आलो. तुह्या घरची तागडी आण."

तागडी आली. तीन तास गेले होते, बंडीवर तट्ट्याची सावली होती, म्हणजे आत अकरा शेर असायला हवा होता. मी झाकण उघडलं. आतून थंड वाफ आली आणि माणसं मागे सरली. बर्फाची लादी गुळगुळीत झाली होती, पण होती. मधोमध लसीचा डबा जसाच्या तसा. तागडीत घातली. पावणेअकरा शेर भरली.

साहेबांनी तागडीचा काटा दोनदा बघितला.  खिशातला रुमाल काढून मान पुसत राहिले. 

चैतूभाऊने बर्फावर हात ठेवला आणि झटकन काढला. "बाप्पा! जाळून राह्यला हा त!" मग हसला, पुन्हा ठेवला. म्हणाला, "मागच्या डॉक्टरपाशी हे नव्हतं का?"

"पाणी होतं," मी खरं ते सांगितलं.

तो गोठ्याकडे वळला. "आधी माह्ये बैल घ्या," म्हणाला.

दिवस मावळेपर्यंत आम्ही तिघांनी गावातली सगळी गुरं टोचली. साहेबांनी बाह्या सारून स्वतः सुई हातात घेतली होती. शेवटचं वासरू सोडलं तेव्हाही पेटीत मूठभर नव्हे, चांगली घमेलंभर लादी शिल्लक होती. ती पोरांनी पळवली.

तीन आठवड्यांनी बुळकांडी त्या पट्ट्यात आली. शेजारच्या ज्या पाड्यांनी आदल्या वर्षीच्या धास्तीने सुई नाकारली होती तिथले गोठे रिकामे झाले. चैतूच्या गावात एकच गाय मेली, ती टोचायच्या दिवशी बाहेरगावी होती, म्हणून सुई चुकलेली. पुढच्या महिन्यात त्या पाड्यांचे लोक स्वतः चांद्याला आले आणि म्हणाले, "तो बर्फवाला डॉक्टर पाठवा." नोकरीत मला पुढे बढत्या मिळाल्या, पण असं नाव पुन्हा मिळालं नाही.

साहेबांनी जिल्ह्यातल्या प्रत्येक पेटीला नळी बसवण्याचं परिपत्रक काढलं. खाली सही त्यांची होती. कल्पना कोणाची, ते लिहिलेलं नव्हतं. सरकारी कागदात तेवढी जागा नसते. पेट्यांना नळ्या बसल्या, हे खरं.