नव्या प्रिंटमधून पुसलेला ठिपका

सगळी इमारत त्यांना मावशी म्हणते आणि त्यांच्या नवऱ्याला काका. दोघांनी एके काळी सिनेमात मारामारी करून पोट भरलं. काका खलनायकांचे डबल, मावशी नायिकांच्या. म्हणजे जिन्यावरून गडगडत खाली यायचं ते मावशींनी, आणि खाली पोचल्यावर केस तोंडावर घेऊन रडायचं ते नायिकेने. "रडणारीचा फोटो भिंतीवर लागायचा," मावशी सांगतात, "पडणारीला आयोडीन."

थप्पड खायची म्हणजे काय, हेही त्यांनी इमारतीतल्या बायकांना कितीदा करून दाखवलंय. समोरचा हात गालाच्या पुढून नुसता जातो, आवाज मागाहून भरतात. मार खाणाऱ्याने मान हाताच्या आधी फिरवायची. जरा उशीर झाला की पडद्यावर खोटं दिसतं.

सेटवर काकांचा हात कधी चुकला नाही. घरी तो गालापासून चुकवायचं कारण नव्हतं. पट्टा, खुर्ची, एकदा उकळतं दूध. मावशींनी कधी ब्र काढला नाही. मुलगा हे सगळं बघत मोठा झाला, टायरच्या दुकानात लागला, त्याचं लग्न झालं आणि वर्षभरात त्याचा हातही सुटला.

एके दिवशी त्याने सुनेचा हात पाठीमागे पिरगळला. भाजी खारट झाली होती. सून वाकत वाकत गुडघ्यांवर आली तरी त्याने सोडलं नाही, ओली फांदी मोडावी तसा आवाज आला तेव्हा सोडलं. मावशी ओट्यापाशी होत्या. त्यांनी गॅस बंद केला. एवढंच केलं.

दवाखान्यात काकांनी सांगितलं, "पायरी चुकली पोरीची."

सुनेने भावाला फोन केला. भाऊ भला माणूस, पण बहीण कायमची घरी येऊन बसेल या धास्तीने अर्धा झालेला. तो म्हणाला, "रविवारी येतो. तुझ्या सासूबाई जे सांगतील ते मी मानेन. पडलीस म्हणाल्या, तर पडलीस."

शनिवारी काकांनी मावशींना बजावलं, "या घरात बाईवर हात उचलायची पद्धत नाही, हे उद्या तू सांगायचंस. नाहीतर उरलेले दात पाडीन."

रविवारी भाऊ आला आणि त्याच्या पाठोपाठ नाक्यावरचे चष्मेवालेही आले. त्यांना काकांनीच बोलावलं होतं. चष्मेवाल्यांना जुन्या सिनेमांचं वेड. त्यांच्यासारख्या दहा-पंधरा जणांचा एक ग्रुप होता. एकाच सिनेमाच्या वेगवेगळ्या प्रिंट शेजारी शेजारी लावायच्या, कुठे फ्रेम गळली, कुठे रंग बदलला, कुठे ओरखडा आहे, ते शोधायचं आणि मग त्यावर भांडायचं. काकांनी केलेल्या एका मारामारीवरून सध्या त्यांच्यात जुंपली होती. पाहुण्यासमोर आपली किंमत वाढेल म्हणून काका खुशीत होते.

"बसा, बसा," काका भावाला म्हणाले. "आपल्या घरातलं बोलणं नंतर होईलच. आधी हे बघा."

चष्मेवाल्यांनी टेबलावर लॅपटॉप उघडला. पडद्यावर जिना होता. पाठमोऱ्या खलनायकाने हात उगारला, नायिका कोलमडली आणि गडगडत खाली गेली.

"ही जुनी प्रिंट," चष्मेवाले म्हणाले. "आता हा पांढरा ठिपका बघा. डावीकडे. कंपनीने नवी प्रिंट काढताना धूळ, ओरखडे सगळं साफ केलं, त्यात हाही गेला. आमच्यातले निम्मे म्हणतात, धूळच होती. पण धूळ एका फ्रेमवर असते, पुढच्या फ्रेमवर नसते. हा तर उडतो, वर जातो, वळतो, खाली येतो."

"रीळ जुनं झालं की असं होतं," काका म्हणाले.

"ते ठीक. पण मान बघा. नेहमी मान आधी फिरते ना? इथे गाल आधी आत जातोय आणि मान मागून फिरतेय. मला वाटतं, मधल्या फ्रेम कापल्यात. काका, तुम्ही तिथे होतात. काय कापलं होतं?"

काकांनी कप उचलला आणि न पिताच ठेवला. "कोण लक्षात ठेवतंय आता. बंद करा ते."

स्वयंपाकघराच्या दारातून मावशी म्हणाल्या, "परत लावा."

"तू आत जा."

"लावा हो. हळू लावा."

चष्मेवाल्यांनी एकेक फ्रेम पुढे सरकवली. मावशी जवळ येऊन उभ्या राहिल्या. त्या शॉटच्या दिवशी सकाळी फाइट मास्तरांनी त्यांना पुढच्या सिनेमाचं काम दिलं होतं, काकांना न विचारता, फक्त त्यांना. त्या हो म्हणाल्या होत्या. ते काकांच्या कानावर गेलं. शॉट लागला आणि हात गालाच्या पुढून गेला नाही, गालातून गेला. तोंड रक्ताने भरलं. कॅमेरा चालू होता म्हणून त्या ते रक्त गिळत जिना पूर्ण उतरल्या. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. 'पायरी चुकली तिची,' काकांनी सगळ्यांना सांगितलं, 'पायरीवर आपटला दात.' पुढचं काम मग मावशींनी केलंच नाही.

मावशींनी तोंडात बोट घातलं, डावीकडचा खोटा दात काढला आणि लॅपटॉपशेजारी ठेवला.

"धूळ नाही ती," त्या म्हणाल्या. "काही कापलेलंही नाही. नायिकेच्या जागी मी आहे आणि खलनायकाच्या जागी हे." मग त्या भावाकडे वळल्या. "माझी पायरी चुकली नव्हती. तुझ्या बहिणीचीही चुकली नाही. तिचा हात माझ्या मुलाने मोडला. मी बघत उभी होते."

काका उठले. म्हातारे झाले असले तरी हात तोच होता, पूर्ण खांद्यातून येणारा. मावशींनी मान आधी फिरवली. हात हवेतून गेला, त्याच्यामागून काका गेले आणि त्यांची भुवई लोखंडी कपाटाच्या मुठीवर फुटली. खाली बसले तेव्हा त्यांचा एक डोळा रक्ताने मिटला होता.

इतका वेळ कोपऱ्यात बसलेला मुलगा उठला आणि त्याने आईचा गळा धरला. नुसता आवळत गेला. मावशींच्या टाचा फरशीवरून उचलल्या गेल्या. भावाने त्याला मागून ओढलं तर त्याने कोपराने भावाचं नाक फोडलं. चष्मेवाले लॅपटॉप छातीशी धरून भिंतीला चिकटले होते. तेवढ्यात आतून सून आली. तिने प्लास्टरचा हात वर नेला आणि नवऱ्याच्या कानावर आणला. एकदा. मग पुन्हा. दुसऱ्यांदा प्लास्टर तडकलं, ती किंचाळली आणि नवरा टेबलावरचे कप घेऊन खाली आला.

काही वेळ कोणी कोणाला उचललं नाही.

दवाखान्यात सगळे एकाच बाकावर बसले, कारण दुसरा बाक नव्हता. काकांच्या भुवईवर रुमाल, मुलाच्या कानावर टॉवेल, भावाच्या नाकात कापूस. चष्मेवाल्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली.

"मावशी, हा फुटलेल्या कपांत राहिला होता. धुतलाय." मग चाचरत म्हणाले, "ग्रुपवर सांगू का? नाही म्हणालात तर नाही सांगत."

"सांगा की. फक्त दात नायिकेचा होता म्हणू नका. तिचे सगळे शाबूत होते."

मावशींनी दात बसवला, जिभेने दाबून पाहिला. दात नसला की त्यांचे काही शब्द फुसफुसतात.

डॉक्टरीणबाईंनी सुनेचं प्लास्टर बघितलं. "हे कसं फुटलं?"

"नवऱ्याच्या डोक्यावर मारलं."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "आणि आधी हात मोडला कशाने? इथे जिना लिहिलंय."

"अहो, ते पायरी..." बाकावरून काका म्हणाले.

सुनेने त्यांच्याकडे बघितलं नाही. "नवऱ्याने पिरगळला. ते जिना खोडा."

"कोणी पाहिलंय?"

"मी," मावशी म्हणाल्या. "ओट्यापाशी होते. दार उघडं होतं."

"तुम्ही हिच्या कोण?"

"याची आई," मावशींनी टॉवेलवाल्याकडे बोट दाखवलं, आणि पुढचं सांगायला बाईंच्या टेबलाजवळची खुर्ची ओढून बसल्या.