कागद खराब करणारी कोरल

आमच्या गल्लीतल्या कोरल ट्रँटरने सत्तावीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात डाग काढले आणि एकसष्टाव्या वर्षी डाग पाडण्याच्या नोकरीला लागली. तिचा नवरा मर्व्ह बोल्स नावाच्या गोळे घरंगळवायच्या खेळाच्या मैदानावर भेटेल त्याला सांगायचा, "आमच्या बाईसाहेबांना आता वेंधळेपणाचा पगार मिळतो. मी इतकी वर्षं फुकट केला."

धुलाईखाना बंद पडला तेव्हा कोरल महिनाभर घरी बसली. बसली म्हणजे काय, तिने स्वतःचे पडदे तीनदा धुतले आणि चौथ्यांदा माझे मागायला आली. मी दिले नाहीत. मग बंदराकडच्या जुन्या साबणाच्या कारखान्यात, वरच्या मजल्यावर, तिला झाडलोटीचं काम मिळालं. तिथे सात माणसं एक शोध लावत बसली होती. कोरल धरून आठ.

शोध असा होता. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर बारीक काळे ठिपके छापायचे. बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी मिरपूड सांडली आणि मग बसून ती ओळीने लावली. पण त्या ठिपक्यांत पानंच्या पानं मजकूर भरलेला असायचा. कार्ड यंत्राच्या फटीत सरकवलं की यंत्राचा डोळा ते बघायचा आणि मजकूर पडद्यावर यायचा. त्यातली खरी करामत मला कोरलनेच समजावली. "अगं मॉरीन, एकच गोष्ट थोडी थोडी करून चार ठिकाणी लिहिलेली असते. एक जागा पुसली गेली तरी बाकीच्या तीन जागांना विचारून यंत्र ती भरून काढतं." मी म्हटलं, म्हणजे माझ्या चष्म्यासारखं. मी तो कुठे ठेवला ते माझ्या नवऱ्याला, लेसला, कोरलला आणि हरवलेलं शोधून देणाऱ्या संत अँथनींना, तिघांनाही सांगून ठेवते.

कोरल तिथे दुसऱ्याच आठवड्यात फरशी पुसता पुसता थांबली. थुई नावाची इंजिनिअर मुलगी टेबलावर कार्ड ठेवून, पट्टी लावून, त्यावर सुईने सरळ रेघ ओढत होती. मग दुसरी रेघ, बरोबर एक सेंटिमीटरवर.

"हे काय करतेस गं?"

"खराब करतेय, मावशी. किती खराब झालं तरी वाचता येतं ते बघायचंय." थुई व्हिएतनामी घरातली. वयाने मोठ्या बाईला नुसतं नावाने हाक मारणं तिच्या जिभेला जमत नसे.

"हे खराब करणं?" कोरल म्हणाली, "इतक्या टापटिपीने तर मी चादरींच्या घड्या घालत नाही. पोरी, कागद असा खराब होत नाही कुणाकडे. कागद खिशात राहून धुतला जातो. फ्रीजवर लावला की त्यावर सॉस उडतो. त्याच्यावर कुत्रा बसतो."

थुईने तिला दहा कार्डं दिली. सोमवारी कोरलने ती परत नेली, तर कंपनीचा मालक रसेल ती टेबलावर पसरून बघत राहिला म्हणे. एकावर बीटाचा रस, एकावर कोळंबीचं पाणी. एक मर्व्हच्या विजारीच्या मागच्या खिशात शनिवारभर बसलेलं, त्याला मर्व्हचाच आकार आलेला. दहापैकी सहा वाचली गेली. त्या दिवसापासून झाडलोट दुसऱ्या कुणाकडे गेली आणि कोरलला दाराजवळ टेबल मिळालं. तिच्या हुद्द्याचं नाव काय ठेवावं यावर दोन दिवस चर्चा झाली, शेवटी काहीच ठेवलं नाही.

मग आमची सगळी गल्लीच कामाला लागली. दर शुक्रवारी कोरल बिस्किटांच्या डब्यातून कार्डं वाटायची, पुढच्या शुक्रवारी गोळा करायची. अट एकच. मुद्दाम काही करायचं नाही. "मुद्दाम केलंस तर मला कळेल," ती दटावायची. आणि तिला कळायचंच. सांडलेला चहा आणि ओतलेला चहा यातला फरक तिला कडा बघून सांगता यायचा. धुलाईखान्यात ती चादर बघून वॉर्ड ओळखायची, तिच्यापुढे माझा लेस कसला टिकतो! त्याने घाई म्हणून कार्डावर मटणाच्या चॉपचा रस्सा ओतला, तर तिने ते दारातूनच परत केलं. "लेस, आळशी माणसा, नीट जेव आणि मग दे."

कार्डांवर छापायला त्यांना लांबलचक मजकूर हवा होता. कोरलने मला न विचारता माझ्या भोपळ्याच्या स्कोनची, त्या छोट्या गोल पावांची, कृती दिली. तीस वर्षं मी ती चर्चच्या बायकांपासून जपली होती. मी रागावले. ती म्हणाली, "ठिपक्यांत आहे गं. कोण वाचतंय?" तेव्हापासून माझी कृती गल्लीभर सगळ्यांच्या फ्रीजवर लटकत होती आणि एकालाही ती कळत नव्हती.

त्या वर्षी ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस सुरू झाले त्या आठवड्यात कोरलला कोपरा सापडला. चाळीस कार्डांतली सात वाचली गेली नव्हती. बीट, शाई, चिखल, सगळं पचवणाऱ्या यंत्राने ही का टाकली? ती तर वरून बऱ्यापैकी स्वच्छ होती. तिने ती सात कार्डं माझ्या स्वयंपाकघरात आणली आणि खिडकीच्या काचेवर धरली. सातही कार्डांच्या एकेका कोपऱ्यातून उजेड आरपार येत होता.

"लोणी," ती म्हणाली. "नाहीतर चरबी. हा अंगठा आहे, मॉरीन. माणूस कागद कुठे धरतो? कोपऱ्याला."

आणि कोपऱ्यातच तर सगळी गोम होती. चार कोपऱ्यांत चार काळे चौकोन होते. कार्ड सरळ आहे की तिरकं, सुरुवात कुठून, हे यंत्र त्या चौघांवरून ठरवायचं. तेलकट कागद पारदर्शक झाला की यंत्रातला खालचा काळपटपणा वर दिसायचा आणि त्यात चौकोन हरवायचा. मग आतलं सगळं शाबूत असूनही यंत्र म्हणायचं, कार्ड सापडत नाही. "पोरांनी घर मजबूत बांधलंय," कोरल म्हणाली, "आणि किल्ली ठेवलीय पायपुसण्यावर."

थुईला पटलं. चौकोन चारच न ठेवता कडेने आणि मध्येही बारीक खुणा पेरायच्या, असं तिने ठरवलं, पण त्याला निदान दोन आठवडे हवे होते. आणि गुरुवारी तर पाहुणे यायचे होते. लोकर विकणारी मोठी कंपनी. प्रत्येक गासडीबरोबर तिची सगळी तपासणी लिहिलेलं कार्ड जावं, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी होकार दिला तर रसेलची कंपनी चालणार, नाहीतर ईस्टरच्या आधी टाळं. हे रसेलने सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं.

मंगळवारी तो कोरलच्या टेबलाशी आला. "कोरल, गुरुवारी त्यांच्यासमोर कार्ड तुम्हीच खराब करायचं. चहा ओता. मधोमध. बस."

"आणि कोपरा?"

"कोपऱ्याबद्दल कुणी विचारणार नाही."

"ते मी विचारलं नाही, रसेल."

"माहितीये," तो म्हणाला आणि गेला. माणूस वाईट नव्हता. त्याने स्वतःचं घर त्यात घातलं होतं आणि त्याच्या हाताची नखं उरली नव्हती.

बुधवारी सकाळी मी प्रार्थनेहून आले तर कोरल माझ्या मागच्या अंगणात माझेच कपडे वाळत घालत होती. फार बेचैन झाली की ती असं करते. चिमटे तोंडात धरूनच तिने विचारलं, "मॉरीन, न सांगणं म्हणजे खोटं बोलणं का गं?"

"मी विचारून सांगते."

"कुणाला? फादरला की थेट वर?"

"जो आधी भेटेल त्याला."

ती हसली, पण चिमटा जरा जोरातच लावला. "आठ माणसं आहेत तिथे. थुईच्या आईचं भाडं तीच भरते. मी तोंड उघडलं तर सगळी रस्त्यावर. नाही उघडलं, तर तिकडे लोकरीच्या शेडमध्ये कुणीतरी कोपरा धरणार आणि थुईच्या कामाला शिव्या बसणार. आणि आता माझी ही दुसरी नोकरी बुडाली तर तिसरी कोण देणार मला? मर्व्ह म्हणतो, गप बस. मर्व्ह म्हणाला की मला उलटं करावंसं वाटतं, म्हणून त्याचं धरत नाही."

मला उपदेश सुचला होता. पण बाई डोळ्यांसमोर माझ्या नवऱ्याची बनियनं पिळत असताना तो तोंडातून निघेना. मी म्हटलं, "उद्या मी स्कोन घेऊन येते. निदान पोट भरून रस्त्यावर जाल." त्या रात्री निजण्याआधी मी तिच्यासाठी जपमाळेचे दहा मणी जास्त म्हटले आणि माझ्या प्रार्थनेच्या वहीत एवढंच लिहिलं: कोरल, उद्या, अकरा वाजता.

पाहुणे तिघे आले. दोघे टायवाले, आणि तिसरा क्लेम ओगिल्वी. सत्तरीचा, मेंढ्यांच्या मुलखातला, गोलबर्नकडचा, जन्मभर लोकरीची प्रत ठरवत आलेला. टाय त्यानेही बांधला होता, पण दुसऱ्याच कुणीतरी बांधून दिल्यासारखा दिसत होता. मी स्कोन मांडले, लोणी ठेवलं आणि भिंतीशी उभी राहिले.

रसेल बोलला, थुई बोलली. मग कोरलने कार्ड उचललं, कडांना धरून, आणि मधोमध चहा ओतला. टिपून ते यंत्रात घातलं. क्षणभर गुरगुर झाली आणि पडद्यावर माझी स्कोनची कृती सगळीच्या सगळी उभी राहिली, भोपळा वाफवण्यापासून. टायवाल्यांनी माना डोलावल्या. रसेलच्या खांद्यांतली खुंटी निघाल्यासारखी झाली.

क्लेम पडद्याकडे वाकून वाचत होता. मग त्याने ताटलीतला स्कोन उचलून एक घास खाल्ला. "मीठ जास्त आहे."

"यंत्रात?" रसेल घाबरला.

"कृतीत."

मी भिंतीला आणखी चिकटले. तीस वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं.

"आणखी काही दाखवायचंय?" क्लेमने विचारलं.

"नाही," रसेल म्हणाला. "एवढंच."

कोरल त्या वेळी स्कोनला लोणी लावत होती. तिने अर्धा स्कोन तोंडात टाकला, नीट चावून खाल्ला, आणि हात न पुसता दुसरं स्वच्छ कार्ड उचललं. कोपऱ्याला धरून. अंगठा तिने तिथे जरा दाबलाच, असं मला वाटलं, पण ती आजतागायत कबूल करत नाही. कार्ड फटीत गेलं. गुरगुर झाली. पडद्यावर आलं: कार्ड सापडत नाही.

खाली बंदरावर फेरीबोटीचा भोंगा वाजला. थुईने डोळे मिटले.

"हे तुम्हाला माहीत होतं?" एका टायवाल्याने विचारलं.

"मला होतं," कोरल म्हणाली. "रसेल तुम्हाला सांगणारच होता."

"नाही," रसेल म्हणाला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. "मी सांगणार नव्हतो. तिने मला आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं."

क्लेमने ते कार्ड ओढून घेतलं, उजेडाला धरलं, कोपऱ्याचा वास घेतला. मग स्वतःचे दोन्ही तळवे टेबलावर उताणे ठेवले. "हे हात बघता? साठ वर्षांची लोकर आहे यात. मेंढीची चरबी. आमच्या शेडमध्ये टेबल तेलकट, दाराची कडी तेलकट, कुत्रासुद्धा तेलकट. या महिन्यात तीन ठिकाणी जाऊन आलो. तिन्ही ठिकाणी चहा ओतला, आणि मधोमध ओतला." तो कोरलकडे वळला. "शेडमध्ये चहा कोण कशाला सांडेल, बाई? आम्ही तो पितो. हे दुरुस्त होतं?"

"होतं," कोरल म्हणाली. "पण ते हिला विचारा. मी नुसती खराब करते."

"दोन आठवडे," थुई डोळे उघडून म्हणाली.

क्लेमने टायवाल्यांकडे न बघताच मान हलवली. "तीन घ्या. बारा कार्डं माझ्याकडे पाठवा. मी ती आमच्या पोरांना देतो, मुद्दाम काही करू नका म्हणून सांगतो."

कोरल लाजली. हे तिचंच वाक्य होतं आणि ते त्याने कुठेच ऐकलेलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी थुईने नव्या खुणांची बारा कार्डं पाठवली आणि पवित्र आठवड्यातल्या बुधवारी ती तपकिरी पिशवीतून परत आली. पिशवी उघडताच सगळ्या मजल्यावर मेंढ्यांचा वास. मी तिथेच होते, कारण माझी ती जागा आता ठरूनच गेली होती. कोरलने एकेक काळं, चिकट कार्ड काढून उजेडाला धरलं आणि दर वेळी ती "शाबास" म्हणत गेली. अकरा वाचली गेली. अकरा वेळा माझी कृती पडद्यावर आली. बाराव्याच्या जागी कार्ड नव्हतंच, नुसती चिठ्ठी होती: हे कुत्र्याने खाल्लं, तब्येत ठीक आहे. रसेलने ती चिठ्ठी फ्रेम करून लावली.

कंपनी चालली. कोरल पुढे सहा वर्षं तिथे होती. वर्षातून दोनदा तिला गोलबर्नला पाठवायचे, लोकर कातरणाऱ्यांमध्ये बसून नव्या जातीचे डाग शिकायला. परत आली की मर्व्ह तिला दारातच थांबवून आधी कपडे बदलायला लावायचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो तिला कुठल्या बाबतीत स्वच्छता शिकवत होता, आणि ते सुख त्याने पुरेपूर उपभोगलं.

एक गोष्ट राहिली. क्लेमच्या त्या शेऱ्यानंतर मी गुपचूप मीठ निम्मं केलं. स्कोन चांगले झाले. लेसने दोन जास्त खाल्ले. मी हे कुणाला सांगितलं नाही. काल कोरल खाता खाता थांबली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "न सांगणं म्हणजे काय गं, मॉरीन? विचारलंस का वर?"

आज प्रार्थनेहून आल्यावर मी क्लेम ओगिल्वींना पत्र लिहिलं: मीठ जास्तच होतं. पाकिटात घालताना बघते तर कोपऱ्यावर लोण्याचा अंगठा उमटला होता. तसंच पाठवलं.