खिळ्यावरची माळ

शेजारच्या सुमनताईंच्या गरोदर सुनेला कावीळ झाली, तेव्हा त्यांनी गावाहून झाडाच्या मुळ्यांचे तुकडे दोऱ्यात गाठवलेल्या दोन माळा आणल्या. गळ्यातली माळ आपोआप लांबत जाते आणि तिच्याबरोबर कावीळही उतरते, असं मानतात. "उतरतेय बघा," त्या मला म्हणाल्या. सकाळी गळ्यालगत असलेली माळ खरंच छातीवर आली होती. सुनेचे डोळे मात्र कालच्याहून पिवळे होते.

दुसरी, जास्तीची माळ स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली होती. तीही लांबली होती. मुळ्या वाळल्या की गाठी सैल होतात, हे मला कळत होतं. खिळ्याला कसली कावीळ? आपण उतरणाऱ्या माळेकडे बघत बसतो, आणि आत चढत जाणारं काही दिसतच नाही.

माळेचं टोक माठाच्या झाकणाला टेकलं होतं. आमच्या गल्लीत नळाचा पाइप गटारातून जातो, आणि अशी कावीळ बहुतेकदा पाण्यातूनच येते; गरोदरपणात तर ती जिवावर बेतू शकते.

"पाणी उकळता ना?"

"कशाला? नितळ तर आहे."

"हिला आजच दवाखान्यात नेऊ," मी म्हणाले. तेवढ्यात सुनेनं पाणी मागितलं. सुमनताईंनी माळ हळूच बाजूला सारली आणि माठाचं झाकण उघडलं.